कोण कसा झाला?

गेल्या भाद्रपदातली गोष्ट. मधल्या सुट्टीत आम्ही शिक्षक चहा घेत बसलो होतो. आमचे एक सहकारी सातवीच्या वर्गातून तणतणत आले आणि पोलिसाने हातभट्टीची बाटली पंचांपुढे ठेवावी तसे एक फाटके कॉमिक त्यांनी माझ्यापुढे आपटले. "घ्या, तुमचे साहित्य!" ते म्हणाले. 'तुमचे' म्हणायचे कारण एवढेच, की मी कादंबऱ्या लिहितो. आणि कादंबरी काय नि कॉमिक काय, त्यांच्या लेखी दोन्ही रिकामटेकड्यांचेच उद्योग.

मी ते कॉमिक चाळले, मुलाला बोलावले आणि त्याचे त्याला परत दिले. त्यावरून आमची जी जुंपली ती घंटा झाली म्हणून थांबली; मिटली मात्र नाही. संपादकांनी या अंकासाठी माझ्याकडे कथा मागितली होती. कथा पुढल्या वर्षी देईन. आज तो अर्धा राहिलेला वादच पुरा करतो. फराळाच्या ताटात सगळेच गोड असून चालत नाही. एखादी तिखट शेवही लागते.

सहकाऱ्यांचे आक्षेप तीन होते. एक, हे सारे परदेशी आणि मारामारीचे. दोन, यात तीच ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितलेली असते : अमक्याला शक्ती कशी मिळाली, तमक्याने मुखवटा का चढवला. तीन, आणि हा त्यांना सर्वांत जोरदार वाटत होता, की ती एक गोष्टसुद्धा दोन वेळा सारखी नसते. "एका माणसाचा जन्म दहा अंकांत दहा तऱ्हांनी! यात खरा कोणता?" असा त्यांचा सवाल होता.

उत्तर देण्यापूर्वी माझ्या हातून घडलेला एक गुन्हा मला कबूल केला पाहिजे. कारण हेच आक्षेप मी स्वतः एकदा घेतले होते, आणि माझ्यापाशी तेव्हा छडीही होती.

२००९ साल असेल. माझ्या वर्गात बारा वर्षांचा एक मुलगा होता. नाव सांगत नाही. त्याचे वडील नव्हते, हे मला हजेरीपटावरून ठाऊक होते. त्यापलीकडे मी काही विचारले नव्हते. भूगोलाच्या तासाला तो बाकाखाली एक दोनशे पानी वही लिहीत असलेला सापडला. मुखपृष्ठावर निळ्या शाईत लिहिले होते : 'कोण कसा झाला?' आत एकेका वीराला दोन-दोन, चार-चार पाने दिलेली. वेताळ, सुपरमॅन, बॅटमॅन, नागराज, शक्तिमान, मारुती, भीम. प्रत्येकाची एकच गोष्ट : तो जो आहे तो कसा झाला. काही मजकूर रद्दीवाल्याकडच्या कॉमिकांतून घेतलेला, काही दूरदर्शनवरून, काही आजीकडून. मध्ये मध्ये समासात टीप : 'आजी असं नाही सांगत.'

मी ती वही उचलली आणि वर्गाला मोठ्याने वाचून दाखवली. सुपरमॅनचा पाळणा आकाशातून 'पऱ्हाटीच्या वावरात' पडला, असे त्याने लिहिले होते. या वाक्याला वर्ग खो खो हसला. मीही हसलो. मग वही कपाटात टाकली. तो एकदा विचारायला आला होता. "सर, माही वही?" मी म्हणालो, "परीक्षा झाल्यावर." परीक्षा झाली, सुट्टी लागली, कपाट आवरले गेले आणि वही किलोच्या भावाने रद्दीत गेली.

आता आक्षेप घेऊ.

परदेशीपणाची तक्रार करणाऱ्यांनी आधी वेताळाचाच इतिहास पाहावा. ली फाल्क नावाच्या अमेरिकन लेखकाने १९३६ साली 'फँटम' निर्माण केला. समुद्रचाचे जहाज लुटतात, बापाला मारतात, मुलगा तेवढा वाहत किनाऱ्याला लागतो. पुढे बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून तो शपथ घेतो, की मी आणि माझे वंशज चाचेगिरी आणि अन्याय यांच्याविरुद्ध लढत राहू. टाइम्स ऑफ इंडियाच्या मालकांनी मार्च १९६४ मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' काढले आणि हा फँटम भारतात घरोघर पोचला. फाल्कने चाच्यांच्या टोळीला 'सिंग' हे नाव दिले होते. आपल्याकडे ते कसे चालावे? इंद्रजालने ते 'सिंगा' केले, आणि त्याच्या बंगाला देशाचे नाव 'डेंकाली' केले. मराठीत तर फँटमच वेताळ झाला. वेताळ कोण, हे खेड्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही. गावाच्या शिवेवर शेंदूर फासलेला दगड असतो, तो भुतांचा राजा. त्या दगडाचे नाव जांभळ्या अंगरख्यातल्या गोऱ्या माणसाला मिळाले आणि पोरांनी ते बिनतक्रार मान्य केले. कारण शिवेवर उभे राहून राखण करणारा, कधी न मरणारा कोणीतरी असतो, हे त्यांना आधीच माहीत होते.

नागराजाचेही तसेच. हिंदीतला हा वीर १९८६ साली अवतरला, त्याची पहिली चित्रे काढणारे प्रताप मुळीक पुण्याचे. अमर चित्रकथेचे कितीतरी अंकही त्यांच्याच हातचे. आमच्या विदर्भात हिंदी परकी नाही. बसस्थानकाजवळच्या दुकानात सुतळीवर कपड्यांसारखी टांगलेली ती कॉमिके आठ आण्यांत दिवसभर वाचायला मिळत, आणि मॅट्रिकच्या पुढे न गेलेल्या माझ्यासारख्याचे पहिले विद्यापीठ ते दुकानच होते. एका दुष्ट शास्त्रज्ञाने नागराजाला विकाऊ हत्यार म्हणून घडवले आणि बाबा गोरखनाथाने त्याला त्या गुलामीतून सोडवले, ही त्याची पहिली उगमकथा. त्या मुलाच्या वहीत गोरखनाथाच्या नावापुढे लिहिले होते : 'हा आजीच्या पोथीत पण आहे.' नवनाथांची पोथी घरात असलेल्या पोराला नागराज परका वाटेलच कसा?

मारामारीचे म्हणाल तर मारामारी आहे, आणि पुष्कळ कॉमिकांत तिच्याशिवाय दुसरे काही नाही, हे मी मान्य करतो. वाईट कॉमिके पुष्कळ आहेत. वाईट कादंबऱ्याही आहेत. एक-दोन माझ्याच आहेत. पण त्यावर जाळपोळीचा इलाज करून झाला आहे. १९४८ साली अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन येथे शाळकरी मुलांकडूनच कॉमिकांची होळी करवली गेली. १९५४ साली डॉ. फ्रेडरिक वर्थम यांनी, कॉमिके मुलांना गुन्हेगार बनवतात असा ग्रंथ लिहून देशभर खळबळ उडवली. २०१२ साली कॅरोल टिली या विदुषीने त्याच डॉक्टरांची टिपणे तपासून दाखवून दिले, की मुलांच्या जबान्या त्यांनी सोयीप्रमाणे फिरवल्या होत्या. तेव्हा छडी उगारण्यापूर्वी आम्ही मास्तरांनी थोडे थांबावे.

दुसरा आक्षेप, तीच ती गोष्ट पुन्हा पुन्हा. अहो, पण कीर्तनकार दुसरे काय करतो? मागाहून येऊन बसलेल्या श्रोत्यांसाठी तो आख्यानाचा धागा पुन्हा जोडून देतोच ना? वेताळाच्या गोष्टींतही सुरुवातीला नव्या वाचकांसाठी शपथेची ती कथा पुन्हा थोडक्यात येत असे. आर्वीहून वर्धा नदी ओलांडली की पलीकडच्या काठाला कौंडण्यपूर आहे, रुक्मिणीचे माहेर. तिथल्या हरणाची कथा आमच्या आज्यांनी आयुष्यात किती वेळा ऐकली असेल? पुढे काय होणार हे ठाऊक नसते म्हणून का त्या ऐकायला बसत? ज्याचा शेवट ठाऊक आहे तीच गोष्ट माणूस पुन्हा ऐकतो, कारण त्याला ती आपल्याशी ताडून पाहायची असते. बाप नसलेल्या मुलाने बॅटमॅनची गोष्ट का उतरून काढली असेल, हे समजायला मला इतकी वर्षे लागली. सुपरमॅन पोरका, बॅटमॅन पोरका, स्पायडरमॅन पोरका, वेताळाचा बाप डोळ्यांदेखत मारलेला. मी हजेरीपट वाचत होतो, तो ही गोष्ट वाचत होता. आम्हा दोघांत वाचन कोणाला येत होते?

आता तिसरा आक्षेप. दहा वेळा सांगितलेल्या गोष्टीत मेळ नाही. मग खरी कोणती?

सुपरमॅन प्रथम छापला गेला १९३८ साली. त्या पहिल्या गोष्टीत त्याची जन्मकथा अवघ्या एका पानाची आहे. रस्त्याने जाणाऱ्या एका मोटारवाल्याला ते मूल सापडते आणि तो ते अनाथालयात नेऊन देतो. पाळणारे आईबाप त्यात नाहीतच. ते केंट जोडपे पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत आले. पहिल्या गोष्टीत त्याला उडताही येत नाही, तो नुसत्या लांब उड्या मारतो. बॅटमॅन १९३९ च्या मे महिन्याच्या अंकात आला. पण आईबापांच्या खुनाची त्याची कथा आली नोव्हेंबरच्या अंकात. सहा महिने तो बिचारा विनाकारणच वटवाघूळ होऊन हिंडत होता! म्हणजे मूळ म्हणून जे आपण पूजतो तेसुद्धा मागाहून, कोणीतरी विचारले म्हणून, सांगितलेले आहे.

मग मारुतीची उगमकथा तरी एक आहे का? वाल्मीकींचा मारुती सूर्याला फळ समजून झेप घेतो आणि इंद्राचे वज्र त्याच्या हनुवटीवर बसते. एकनाथांच्या भावार्थ रामायणात त्याआधीच एक घार येते, दशरथाच्या यज्ञातला पायसाचा वाटा झडप घालून उचलते आणि तो अंजनीच्या ओंजळीत पडतो. वाल्मीकींत ही घार नाही. म्हणून नाथांच्या वहीवर लाल शाई फिरवायची काय?

या प्रश्नाचे उत्तर आमच्या शेजारीच सातशे वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे. नदीपलीकडे अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर तिथे म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा करायला घेतल्या. ज्याने जे पाहिले-ऐकले त्याच्याकडे जायचे, विचारायचे, लिहून घ्यायचे. आणि दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर अमक्याचे असे म्हणणे, तमक्याचे असे, म्हणून दोन्ही ठेवायची. यातून 'लीळाचरित्र' झाले. पुढे धाडीत मूळ ग्रंथ गेला, असे परंपरा सांगते. मग तो उभा कसा राहिला? ज्यांना पाठ होता, ज्यांनी तो ऐकला-सांगितला होता, त्यांच्या तोंडून. म्हणून आजही त्याचे वेगवेगळे पाठ आहेत आणि अभ्यासकांना त्यांची लाज वाटत नाही. सांगण्याची ही रीत मराठी गद्याच्या पाळण्यातली आहे. माझ्या वर्गातल्या पोराने 'आजी असं नाही सांगत' ही टीप समासात लिहिली, तेव्हा तो नकळत म्हाइंभटांच्याच वाटेने चालला होता. मी ती टीप खोडसाळपणा समजलो.

इथवर वाचून कॉमिकांचे संग्राहक खूश झाले असतील. त्यांनाही दोन शब्द ऐकवायचे आहेत.

मागे मी नागपुरात एका सद्गृहस्थांचा संग्रह पाहायला गेलो होतो. भिंतभर कपाट, प्रत्येक अंक प्लॅस्टिकच्या पाकिटात. जुना इंद्रजाल दिसताच माझा हात आपोआप पुढे गेला. "हात नका लावू," ते पटकन म्हणाले. त्यांना अंकाचा क्रमांक ठाऊक होता, छपाईतला दोष ठाऊक होता, आजचा भाव ठाऊक होता. मी विचारले, "घरातल्या मुलांना यातली एखादी गोष्ट सांगता का?" ते म्हणाले, "छे, मुलांच्या हाती देतो की काय!" मी हातात देण्याचे नव्हे, सांगण्याचे विचारले होते. अमेरिकेत तर हा आजार पराकोटीला गेला आहे. दहा सेंटला विकलेला सुपरमॅनचा तो पहिला अंक २०२४ साली साठ लाख डॉलरना गेला. असा अंक टणक प्लॅस्टिकच्या डबीत कायमचा बंद केलेला असतो. वाचायला डबी फोडली की त्याचा दर्जाचा शिक्का गेला. म्हणजे जगातली सर्वांत महाग गोष्ट ही कोणीच वाचायची नाही अशी गोष्ट!

संग्राहकांचे उपकार मी नाकारत नाही. त्यांनी जपले नसते तर आम्हा मास्तरांच्या कृपेने एक पान शिल्लक राहिले नसते. पण जपणे म्हणजे कुलूप लावणे नव्हे. महानुभावांत नरेंद्र कवीची एक कथा सांगतात. त्याचे 'रुक्मिणीस्वयंवर' ऐकून रामदेवराव यादवाने ओवीगणिक सोन्याचे नाणे देऊ केले. अट एवढीच, की काव्यावर राजाचे नाव घालायचे. नरेंद्राने ते सोने नाकारले. गोष्ट विकत घेता येते असे राजालाही वाटते आणि डबीवाल्यालाही वाटते. घेता येतो तो कागद.

आणि जे प्रकाशक दर काही वर्षांनी 'उगम पुन्हा नव्याने' असे पहिल्या अंकावर छापून तोच माल खपवतात, त्यांनाही मी या वादात माझ्या बाजूला बसू देणार नाही. पुन्हा सांगणे वेगळे आणि पुन्हा विकणे वेगळे. फरक ओळखायची खूण सोपी आहे : नव्या सांगण्यात सांगणाऱ्याचे गाव दिसते का? २००४ साली भारतीय स्पायडरमॅन निघाला. त्याचे नाव पवित्र प्रभाकर. खेड्यातून मुंबईच्या शाळेत आलेला गरीब पोरगा. त्याला कोळी चावत नाही, एक योगी शक्ती देतो. अंक चारच निघाले. त्यात उणिवा होत्या, पण मुंबईच्या शाळेत खेडवळ धोतरावरून हिणवला जाणारा मुलगा त्यात होता, आणि तो न्यूयॉर्कहून उसना आणता आला नसता. २०२३ साली हाच पवित्र अमेरिकन चित्रपटात जाऊन आला. आपल्या मातीत पडलेले बी असे परत परदेशी जाते. पण आधी ते कोणीतरी आपल्या वावरात पडू द्यावे लागते.

मग करायचे काय? माझे मागणे थोडके आहे. मी ज्या ज्या वाचनालयांत मराठी इंद्रजालची चौकशी केली, तिथे उत्तर एकच मिळाले : ती पुस्तके नव्हेत, मासिके, आणि जुनी मासिके रद्दीत जातात. १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा करणाऱ्या या महाराष्ट्रात मराठी वेताळ पाहायचा तर एखाद्या धनिकाच्या कपाटापुढे उभे राहावे लागावे, ही नामुष्की आहे. आता रिद्धपुरात मराठी भाषेचे विद्यापीठ झाले आहे. म्हाइंभटांच्या गावच्या त्या विद्यापीठाने मराठी कॉमिकांचा एक विभाग करावा. नुसते अंक नकोत, ते ज्यांनी वाचले आणि पुढे सांगितले त्यांची सांगणीही टिपून घ्यावी. वेताळाची गोष्ट वर्ध्याची आजी कशी सांगते आणि वेंगुर्ल्याचा मामा कशी सांगतो, हे मराठीचेच धन आहे.

यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी मी आर्वीच्या बसस्थानकावर उभा होतो. एका तरुणाने पायांना हात लावला. "वळखलं काय जी सर?" तोच मुलगा. आता पुलगावला असतो, माल वाहणारी गाडी चालवतो, त्याला चार वर्षांची मुलगी आहे. मला काय बोलावे सुचेना. शेवटी म्हणालो, "तुझी वही माझ्याकडून गेली रे." तो हसला. "जाऊ द्या ना जी. अर्धी तं पाठच आहे. पोरीले रोज सांगा लागते."

"सुपरमॅनची सांग," मी म्हणालो.

बसस्थानकाच्या त्या गोंगाटात त्याने सांगितली. "पऱ्हाटीत पाळना पडला. बुढा-बुढी वेचनीले आले होते. बुढी म्हने, कोनाचं लेकरू व्हय हे? बुढा म्हने, वावर आपलं, तं लेकरूही आपलंच."

"हे वहीत होते?"

"नाही जी. हे आता पोरीले सांगता सांगता आलं."

मी खिशातून कागद काढला आणि बाकावर बसून ते वाक्य लिहून घेतले. वरती त्याचे नाव घातले. मग म्हणालो, "पुढची सांग." त्याची बस गेली, तो दुसऱ्या बसने गेला.

सहकाऱ्यांना माझे उत्तर हेच आहे. वाचकहो, तुमच्या माळ्यावरच्या पेटीत एखादा जुना वेताळ, एखादा चांदोबा, एखादी अमर चित्रकथा असेल तर या दिवाळीत ती खाली काढा. फटाके वाजवून झाल्यावर मुले अंगणात बसतील, तेव्हा त्यांना एकाची तरी गोष्ट सांगा : कोण कसा झाला. चुकलात तर चुकू द्या. एखादे मूल मध्येच म्हणेल, "आजी असं नाही सांगत." त्याला गप्प करू नका. त्याला वही द्या.